फितूर

लोणावळ्याजवळच्या वलवणमध्ये पद्मजाबाईंना आता कोणी हळदीकुंकवाला बोलावत नाही. बोलावलं तरी त्या जायच्या नाहीत, आणि गेल्याच तर चार बायकांत काय बोलून बसतील याचा नेम नाही. जीभ मुळातच तिखट. त्यात वय पासष्ट, गुडघे कुरकुरणारे आणि गावातली निम्मी माणसं डोक्यात जाणारी. त्यांचे यजमान अनंतराव म्हणतात, "देवाने हिला ब्रेक दिलाच नाही, नुसता हॉर्न दिला." अनंतरावांनी घाटात तीस वर्षं इंजिन चालवलं, त्यामुळे त्यांना असलेच विनोद सुचतात. पण या जिभेने एकदा एका बाईचं असं नुकसान केलं की त्यावर विनोद करायची छाती अनंतरावांचीही झाली नाही.

त्याआधी पद्मजाबाई या भानगडीत पडल्या कशा, ते सांगायला हवं. देहूरोडच्या लष्करी डेपोत त्या एकतीस वर्षं स्टोअरला होत्या. तिथला नियम साधा: जवानाचा फाटका बूट जमा करून घेतला की नवा बूट त्याच वेळी त्याच्या हातात द्यायचा. जुना आज जमा आणि नवा पुढच्या आठवड्यात, हे चालायचं नाही. मधले सात दिवस माणूस काय अनवाणी फिरणार? हा नियम त्यांच्या हाडात भिनला होता.

निवृत्तीनंतर दुसऱ्याच वर्षी शेजारच्या बंगल्यात पोळ्या लाटायला येणाऱ्या चिंगीवर अत्याचार झाला. मालकीणबाईंना त्या दिवशी नेमका उपास होता, त्यांच्या यजमानांना मीटिंग होती, आणि बाकी आळीला एकाएकी बहिरेपण आलं होतं. शेवटी पद्मजाबाईच तिला घेऊन दवाखान्यात गेल्या. सहा तास बाकावर बसल्या. तपासणी झाल्यावर चिंगीचे कपडे पुरावा म्हणून सील झाले, ते रीतसरच झालं. पद्मजाबाईंनी विचारलं, "आणि आता ही घालणार काय?" नर्सने पोलिसाकडे पाहिलं, पोलिसाने छताकडे. कोणाला हा प्रश्नच पडला नव्हता. चिंगी दवाखान्याच्या दोन चादरी गुंडाळून रिक्षातून घरी गेली आणि रिक्षावाला सारखा आरशातून मागे बघत राहिला. पद्मजाबाईंनी आधी नर्सला, मग पोलिसाला आणि शेवटी त्या रिक्षावाल्याला जे काही ऐकवलं, ते इथे छापता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पिशवी शिवली. तिच्यात दोन कोरे ड्रेस, एक सैल आणि एक अंगाबरोबर, आतले कपडे, कंगवा, पाण्याची स्टीलची बाटली. ही पिशवी तेव्हापासून दाराच्या मागे खुंटीला आहे. तळेगावात अशा बायकांना सोबत करणारी एक छोटी संस्था होती, तिला पद्मजाबाईंनी फोन करून सांगितलं, "लोणावळ्याकडची केस आली की मला हाक मारा. मला दुसरं काही येत नाही, पण बसता येतं आणि भांडता येतं." संस्थेने त्यांना तीन दिवस शिकवलं. सल्ला द्यायचा नाही. तिच्या तोंडात आपला शब्द घालायचा नाही. आणि 'का' हा प्रश्न विचारायचा नाही: का गेलीस, का ओरडली नाहीस, का इतके दिवस गप्प बसलीस. पद्मजाबाईंना हे शेवटचं फारच पटलं. पण 'का' न विचारता परस्पर निकालही द्यायचा नाही, एवढं शिकवायचं राहून गेलं असावं.

संगीताची केस आली ती दिवाळीनंतर. कुरवंड्याच्या पुढे, नागफणीच्या डोंगराच्या अंगाला ठाकर आदिवासींची एक वस्ती आहे, तिथली ही सून. वय चोवीस. नवरा सनी खडी फोडण्याच्या कामावर, आणि संगीता शनिवार-रविवारी भाड्याने जाणाऱ्या बंगल्यांची साफसफाई करायची. ते पाच बंगले शार्दूल नावाच्या माणसाच्या ताब्यात होते. एका सोमवारी पाहुणे निघून गेल्यावर त्याने काय केलं ते संगीताने जबाबात सांगितलं आहे. ज्यांनी ऐकायला हवं होतं त्यांनी ते ऐकलं आहे, त्यामुळे तुम्हाआम्हाला ते पुन्हा ऐकायचं काही कारण नाही.

आता हा शार्दूल कोण, तर कौमुदीताईंचा मुलगा. आणि कौमुदीताई म्हणजे वलवणच्या भजनी मंडळाच्या सर्वेसर्वा. पद्मजाबाई वीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून टाळ वाजवत होत्या. गुन्हा दाखल झाला त्या संध्याकाळी कौमुदीताईंचा फोन आला.

"पद्मा, अगं ठाण्यात तिच्या बाजूला बसलेली तू होतीस म्हणे?"

"होते."

"तू आपली ना गं? शार्दूलला तू कडेवर घेतलंयस."

"घेतलंय. तेव्हा तो चावायचा," पद्मजाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

टाळ तेव्हापासून बंद. भाजीच्या गाडीवर बायका पद्मजाबाईंना पाहून शेपूची जुडी फार बारकाईने न्याहाळू लागल्या. कोणी तरी म्हणालं, "असल्या बायकांत वावरून हिला सवय झालीय." अनंतरावांना सकाळच्या फिरण्याच्या मंडळींनी वगळलं, ते बिचारे एकटेच धरणाच्या भिंतीपर्यंत जाऊन येऊ लागले. घरी येऊन एकदाच म्हणाले, "तुला काय पडलंय, पद्मजा?" ते ज्या सुरात बोलले त्याच सुरात पद्मजाबाईंनी विचारलं, "तुम्हाला काहीच नाही पडलंय?" पुढे तो विषय त्या घरात निघाला नाही.

संगीता त्यांना मावशी म्हणायची. ठाण्यात, दवाखान्यात, मॅजिस्ट्रेटसमोरच्या जबाबाच्या दिवशी, दर वेळी ती आधी मान वळवून बघायची, मावशी बसल्यात का. पिशवीतला सैल ड्रेस तिलाच दिला होता. तो ती धुऊन परत आणायला लागली तेव्हा पद्मजाबाई खेकसल्या, "दिलेलं परत घेत नाही मी!" संगीता त्या सगळ्या दिवसांत फक्त तेव्हा हसली.

शार्दूल महिन्याभरात जामिनावर सुटला. खटला उभा राहायला वर्ष गेलं. वस्तीतल्या आणखी सहा बायका त्याच बंगल्यांवर कामाला होत्या. त्यांना यायला नको म्हणून सांगितलं गेलं. मग त्या सहाजणी संगीताशी बोलेनाशा झाल्या. विहिरीवर तिची कळशी आली की बाकीच्या कळशा बाजूला सरकायच्या. जिच्यावर अन्याय झाला तिनेच वस्तीची चूल विझवली, असा उफराटा हिशेब. अशा वेळी गरिबाला गरिबावर राग काढायला सोपं जातं. मोठ्यावर काढायला अंगात ताकद लागते.

आणि मग संक्रांत आली.

कौमुदीताई डोंगर चढून वस्तीवर गेल्या. गुडघ्यांना पट्टे, बरोबर भजनी मंडळाच्या दोघीजणी, हातात हळदीकुंकवाचं तबक, तिळगूळ, नारळ, तांदूळ आणि हिरवी साडी. दारात उभं राहून म्हणाल्या, "संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, लेकीची ओटी भरायला आले." संगीताची सासू भामाबाई आयुष्यात कोणाच्या ओटीला नाही म्हणाली नव्हती. सवाष्णीच्या पदरात कोणी ओटी घालत असताना पदर मागे घेणं म्हणजे घरावर अरिष्ट ओढवून घेणं, हे तिला तिच्या आईने शिकवलं आणि त्या आईला तिच्या आईने. कौमुदीताईंना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर त्या वकिलाला न पाठवता नारळ घेऊन आल्या. संगीताने पदर पुढे केला. त्या दोघींतल्या एकीने फोटो काढला.

दुपारी तो फोटो भजनी मंडळाच्या ग्रुपवर पडला. पद्मजाबाईंना मंडळातून काढलं होतं, ग्रुपवरून काढायचं मात्र कोणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. फोटोत संगीता मान खाली घालून उभी, पदरात नारळ. खाली लिहिलं होतं: 'गैरसमज दूर झाला. बहीण-भावाचं नातं पुन्हा जुळलं.' आणि त्याखाली जोडलेल्या हातांची ही रांग.

पद्मजाबाईंचं डोकं फिरलं. वर्षभर त्या लोकांचे टोमणे खात होत्या, मैत्रिणी तोडून बसल्या होत्या, आणि ही पोरगी साडी घेऊन मोकळी झाली! हे असं त्यांच्या मनात आलं, अगदी असंच आलं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. माणूस दुसऱ्यासाठी राबतो तेव्हा आपण किती राबलो हे त्याला फार चांगलं पाठ असतं.

कुरवंड्यापर्यंत रिक्षा, पुढे अर्धा तास चढण. चढताना राग उतरायला हवा होता, तो वाढला. संगीता अंगणात नाचणी पाखडत होती. तिने "मावशी" म्हणून सूप खाली ठेवलं. पद्मजाबाईंनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

"ओटी घेतलीस? त्याच्या आईची?"

संगीता काही बोलायच्या आत पुढचं सुरूच झालं. "कळतंय का तुला काय केलंस? उद्या कोर्टात हा फोटो दाखवतील. स्वतःच्या हाताने केस घालवलीस. आम्ही सगळे मूर्ख म्हणून तुझ्यासाठी चपला झिजवतोय! फितूर आहेस तू. फितूर झालीस!"

कोर्टाच्या आवारात हा शब्द रोज चणे-फुटाण्यासारखा वापरतात. साक्षीदाराने जबाब फिरवला की तो फितूर. त्यात शिवी नसते, नुसती नोंद असते. पण हे मावळ आहे. इथे लोहगड आणि विसापूर रोज अंगणातून दिसतात. शाळेत दोन इयत्ता गेलेल्या पोरालाही ठाऊक असतं की फितूर म्हणजे ज्याने आतून दार उघडलं आणि सगळा गड कापला गेला तो. त्याच्यापेक्षा हलकं माणूस नाही. इथे बाईला दुसरं काहीही म्हणा, ती भांडेल, उलटून बोलेल. हे म्हटलं की ती गप्प होते.

संगीताने सूप उचललं आणि ती पुन्हा पाखडायला बसली. पद्मजाबाई दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि उतरून आल्या. खाली येईपर्यंत त्यांना कळलं होतं की आपण काय करून आलो. पण कळणं वेगळं आणि पुन्हा चढण चढून जाणं वेगळं.

त्यांनी फोन केले. संगीता उचलायची नाही. चौथ्यांदा उचलला आणि म्हणाली, "तारीख निगाली की कळवा, म्याडम." मावशीची म्याडम झाली ती अशी. सहा महिने एवढंच.

संस्थेत सगळ्यांनी धरून चाललं होतं की संगीता साक्षीला उभी राहणार नाही. राहिली तरी 'काही झालं नाही' म्हणेल. कौमुदीताईंनी तर पेढ्यांचं बघून ठेवलं असेल. ती उलटली की शार्दूल सुटणार, आणि सोमवारपासून पुन्हा त्याच पाच बंगल्यांत कोणी ना कोणी झाडू घेऊन जाणार. पद्मजाबाईंना झोप लागत नव्हती. ती उलटलीच तर तिला त्या दिशेने ढकलणाऱ्यांत एक हात आपला, हे त्यांना पुरतं माहीत होतं.

जुलैत वडगावच्या कोर्टात तारीख लागली. साडेदहाला पद्मजाबाई बाकावर पिशवी घेऊन बसल्या होत्या. अकराला संगीता आली, एकटी. अंगात तोच पिशवीतला सैल ड्रेस, आता कोपराशी विटलेला. सनी कामावर गेला होता, भामाबाई घरी. तिने पद्मजाबाईंकडे पाहिलं, मान हलवली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

सुनावणी बंद खोलीत होती. न्यायाधीशांच्या परवानगीने पद्मजाबाईंना आत मागे बसता आलं, एका अटीवर: तोंड उघडायचं नाही, खूण करायची नाही. देवालाही पद्मजाबाईंना द्यायला याहून मोठी शिक्षा सापडली नसती. त्यांनी स्टीलची बाटली दोन्ही हातांत धरली आणि बसल्या.

सरकारी वकिलांच्या प्रश्नांना संगीताने नीट उत्तरं दिली. जबाबात होतं तेच, त्याच क्रमाने. मग शार्दूलचे वकील उठले. गोड माणूस. आवाज असा की वाटावं, लग्नाची बोलणी करायला आलेत.

"ताई, या फोटोत आपणच ना?"

"व्हय."

"पदरात काय आहे?"

"वटी."

"कोणी भरली?"

"त्येच्या आईनं, शार्दूलच्या."

"आपल्याकडे लेकीची ओटी कोण भरतं? माहेरचं माणूस, बरोबर? म्हणजे आपण त्यांना माहेर मानलंत. मानलं म्हणूनच पदर पुढे केलात ना?"

संगीताने मान खाली घातली. पद्मजाबाईंना वाटलं, संपलं. त्यांच्या जिभेवर दहा उत्तरं आली होती, एकापेक्षा एक झणझणीत, आणि एकही त्यांना देता येत नव्हतं.

"साडी नेसलात?" वकिलांनी आणखी गोड होत विचारलं.

"न्हाई. शेळीच्या करडाला आडोसा केलाय तिचा."

"आणि नारळ? गोड म्हणून खाल्ला असेल घरच्यांनी."

"वढ्यात सोडला. तांदूळ कोंबड्यांनी खाल्लं." मग संगीताने पहिल्यांदा मान वर केली आणि ती न्यायाधीशांकडे बघून बोलू लागली. "सायेब, वटीला न्हाई म्हनू न्हाई, आसं आमच्यात हाय. सासू म्हातारी हाय, ती भ्याली. म्हनून म्या पदुर फुडं केला. आजपतुर मला कुनी इचारलंच न्हाई, वटी का घेतली म्हनून. समद्यांनी फोटू बगितला आन ज्येला जे वाटलं त्ये बोलला. आता ह्येंनी इचारलं, तर सांगते. ती बाई लय मोटी हाय. तिच्या गुडघ्यांला पट्टं बांदल्यालं. आमच्या वस्तीवर ती जल्मात कदी आली न्हवती. आमी तिच्या बंगल्यावर इतकी वरसं राबलो, तवा आमाला कप बी येगळा व्हता. मंग सायेब, जिच्या पोरानं काय केलंच न्हाई, ती आई येवडा डोंगुर चढून माजी वटी भराया कशाला यील?"

वकिलांनी कागद चाळले. दोन-तीन पानं चाळली, उलटी चाळली, आणि फोटो पुन्हा फाइलीत ठेवला. म्हणाले, पुढचे प्रश्न पुढच्या तारखेला विचारीन.

बाटली धरून पद्मजाबाईंची बोटं वळली होती. पण त्यांच्या डोक्यात शेवटचं वाक्य नव्हतं. 'समद्यांनी फोटू बगितला' हे होतं. त्या समद्यांत कौमुदीताई होत्या, त्यांचं भजनी मंडळ होतं, वस्ती होती, आणि अंगणात पाणीही न घेता उभी राहिलेली एक समाजसेविकाही होती. आपण आणि कौमुदीताई, दोघीही एकाच दिवशी तो डोंगर चढलो, आणि दोघींनीही तिला तिचं म्हणणं विचारलं नाही.

बाहेर व्हरांड्यात सरकारी वकील खुशीत होते. चहाचा कप हातात घेऊन मोठ्याने म्हणाले, "छान! मला तर वाटलं होतं हीसुद्धा फितूर होणार. अशा केसमध्ये निम्म्या फितूरच होतात हो." आणि पुढच्या केसला निघून गेले.

संगीताचा चेहरा उतरला. ते दिसेनासे होईपर्यंत ती बघत राहिली, मग बाकावर बसली. "ह्येंनी बी तोच शबुद वापरला."

"कोर्टातला शब्द आहे तो," पद्मजाबाई म्हणाल्या. "साक्षीदाराने आधीचा जबाब फिरवला, की त्याला इथे फितूर म्हणतात. कागदावर तसं लिहितात. रोजचंच आहे."

संगीताने विचारलं, "म्हंजी तवा अंगनात तुमी मला त्ये कोर्टातलंच बोलला व्हता?"

दार असं सताड उघडं होतं. नुसतं 'हो' म्हणायचं होतं. पोरीचा सहा महिन्यांचा सल निघाला असता, आणि पद्मजाबाई पुन्हा मावशी झाल्या असत्या. खोटंही फारसं म्हटलं नसतं कोणी.

"नाही," पद्मजाबाई म्हणाल्या. "मी तुला शिवीच दिली होती. काही विचारलं नाही आणि शिवी दिली. माझं चुकलं."

आयुष्यात हे दोन शब्द त्यांनी किती वेळा उच्चारले असतील ते अनंतरावांना विचारा. ते एका हाताच्या बोटांवर सांगतील आणि तरी बोटं उरतील.

"ठावं हाय मला," संगीता म्हणाली. "शिवी कळती." तिने ओढणी सारखी केली, चपला शोधल्या आणि पायांत घातल्या. पद्मजाबाई वाट बघत होत्या. आता ती काय म्हणेल, कशी हाक मारेल, याची वाट त्या बघत होत्या, आणि पासष्टाव्या वर्षी असं वाट बघणं त्यांना लाजिरवाणं वाटत होतं.

"फुडल्या तारखेला किती वाजता यायचं, म्याडम?"

म्याडमच. पद्मजाबाईंना ते लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

"साडेदहा," त्या म्हणाल्या.